पायात मोडलेला काटा आणि न दुखणारी गाठ

होळी झाली की पेण-रोह्याच्या डोंगरांचा रंग उतरतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा आपला रायगड जिल्हा, पण मार्च ते मे या महिन्यांत उघड्या उतारावर पाण्याचा टिपूस राहत नाही. गवत वाळतं, दगड तापतात. अशा खडकाळ उतारावर जी झाडं तग धरतात त्यांत खैर आहे. शेताच्या बांधावर, गावाच्या वेशीवर कुठे कुठे बाभूळ आहे. सडकेच्या कडेला आणि सरकारी जागेवर आपण ज्याला ‘आकेशिया’ म्हणतो ते ऑस्ट्रेलियाचं झाड आहे. आणि रानात झाडांवर चढलेली शिकेकाईची वेल आहे. ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं.

आरोग्याच्या पानावर झाडांची माहिती कशाला, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. या घराण्यातल्या बऱ्याच झाडांना काटे आहेत, आणि आपली माणसं त्या काट्यांतून चालतात. सरपणाला जाणारी बाई, गुरांमागे जाणारं पोर, वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जाणारं जोडपं, यांच्या पायात काटा मोडणं ही रोजची गोष्ट. रोजची म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. पण काही काटे पायात काहीतरी सोडून जातात आणि ते वर्षांनी वर येतं. त्याची माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

काट्यांची ओळख

बाभळीचा काटा सरळ, पांढुरका आणि लांब असतो. पानाच्या देठापाशी दोन-दोन काटे जोडीनं येतात. चांगला वाढलेला काटा दोन इंचांपर्यंत जातो. पातळ रबरी स्लिपर तो आरपार भेदतो. खैराचे काटेही जोडीनंच येतात, पण ते आखूड आणि आकड्यासारखे वाकलेले असतात. ते पायात कमी घुसतात, हात-पाय-कपडे जास्त ओरबाडतात. शिकेकाईच्या वेलीचे काटे असेच आकड्याचे. ऑस्ट्रेलियन आकेशियाला मात्र काटे नसतात.

वेडी बाभूळ वेगळी. ती अमेरिकेतून आलेली, खऱ्या बाभळीची लांबची नातलग. कोरड्या मुलखात ती माजते. तिचे काटेही कणखर आणि धोकादायक. कोळसा पाडण्यासाठी घाटावर आणि परराज्यांत मोठ्या प्रमाणात तोडली जाते ती हीच.

कोरड्या मुलखातच काटे एवढे का? जिथे पाऊस कमी, तिथे हिरवा पाला थोडा. गुरं, शेळ्या, हरणं सगळी त्याच पाल्यावर टपलेली. ज्या झाडाला काटा आहे त्याचा पाला वाचतो. बाभळीची पानंही बारीक बारीक पानुल्यांत वाटलेली असतात, त्यामुळे उन्हात पाणी कमी उडतं. मुळं खोल जातात आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणून ठेवतात. म्हणून बाभूळ निकस जमिनीतही उभी राहते. सह्याद्री ओलांडून घाटावर गेलं की पाऊस झपाट्यानं कमी होतो आणि बाभळीचं राज्य सुरू होतं. पुणे, नगर, सोलापूर, बीड, धाराशिव हा सगळा तिचा मुलूख. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी कुटुंबं त्याच भागातून कामासाठी इकडे आलेली आहेत, आणि इथली कितीतरी माणसं कामासाठी तिकडे जातात.

खैराशी तर इथल्या एका समाजाचं नावच बांधलेलं आहे. खैराच्या लाल गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून, ते पाणी आटवून कात करतात. तो कात पाडणारे ते कातकरी. पुढे जंगलकायदे आले, झाडतोडीवर बंधनं आली आणि कातकऱ्यांचा हा धंदा हातातून गेला. १९६४च्या महाराष्ट्र झाडतोड कायद्याच्या यादीतही खैर आहे, म्हणजे स्वतःच्या शेतातला खैर तोडायलाही परवानगी लागते. धंदा गेलेली माणसं वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर गेली. म्हणजे काटे सुटले नाहीत, झाड तेवढं बदललं.

काटा आत काय नेतो

काटा स्वच्छ नसतो. त्याच्या टोकाला आणि ज्या मातीवर तो पडलेला असतो त्या मातीत असंख्य जिवाणू आणि बुरशी असतात. सुई टोचावी तसा काटा त्यांना कातडीखाली खोलवर नेऊन सोडतो. जखम वरून एवढीशी दिसते, रक्त फारसं येत नाही, त्यामुळे आतली घाण धुवूनही जात नाही. यातून तीन प्रकारचे त्रास होऊ शकतात.

पहिला, साधा पू. दोन-चार दिवसांत जागा लाल होते, ठणकते, सुजते. हा त्रास दुखतो, म्हणून माणूस दवाखान्यात जातो आणि बहुतेक वेळा बरा होतो.

दुसरा, धनुर्वात. याचे जंतू माती आणि शेणात असतात. खोल, हवा न लागणारी जखम त्यांना फार मानवते. साधारण ३ ते २१ दिवसांत जबडा आखडतो, तोंड उघडत नाही, मान-पाठ ताठ होते, झटके येतात. हा आजार जीव घेतो. पण लस घेतलेली असेल तर तो टाळता येतो.

तिसरा त्रास लोकांना जवळजवळ माहीतच नाही. त्याचं नाव मायसेटोमा. जुन्या पुस्तकांत त्याला ‘मदुरा पाय’ म्हणतात.

मदुरा पाय म्हणजे काय

हा आजार आपल्या देशाच्या नावानं जगात ओळखला गेला. १८४२ साली मदुराईच्या दवाखान्यात गिल नावाच्या डॉक्टरांनी असे पाय पाहून त्यांची नोंद केली. त्यामुळे मदुराईचं नाव चिकटलं. हा आजार बुरशीमुळे होतो हे ओळखून १८६०मध्ये त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव देणारे डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर मुंबईत काम करत होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत. जगभरचे डॉक्टर ज्या ‘ग्रेज अॅनाटॉमी’वरून शिकले, त्यातली चित्रं याच कार्टरांनी काढलेली. १८७४ला त्यांनी या आजारावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. म्हणजे आपल्या शेजारच्या मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी हा आजार नीट ओळखला गेला होता. तरी आज खेड्यातल्या माणसाला त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. कारण तो गरिबाच्या पायाला होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६मध्ये त्याला ‘दुर्लक्षित आजारां’च्या यादीत घातलं. जगात याचे सर्वांत जास्त रोगी ज्या देशांत आहेत त्यांत सुदान, मेक्सिको आणि भारत आहेत. सुदानमध्ये ज्या पट्ट्यात बाभळीची काटेरी जंगलं आहेत, त्याच पट्ट्यात हा आजार जास्त सापडतो. थोडा पाऊस, मग लांब कोरडा काळ, काटेरी झाडं आणि अनवाणी चालणारी माणसं, या चार गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे तो घर करतो. भारतात राजस्थान आणि तमिळनाडूतून त्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. आपलं कोकण पावसाचं, म्हणून इथे तो कमी. पण कोळसा पाडायला, ऊस तोडायला, भट्टीवर राबायला कोरड्या मुलखात गेलेला पाय परत इथेच येतो. गाठ येते तेव्हा तो माणूस पेणच्या नाहीतर रोह्याच्या वस्तीत असतो आणि काटा कधी, कुठे मोडला हे त्याला आठवतही नसतं.

हा आजार दोन प्रकारच्या जंतूंमुळे होतो. काही वेळा बुरशी असते, काही वेळा जिवाणू. दोन्हींत पाय सारखाच दिसतो, पण औषध अगदी वेगळं. म्हणून तपासणीशिवाय उपचार करता येत नाहीत.

कसा ओळखायचा

तीन खुणा लक्षात ठेवा.

एक: कातडीखाली कडक गाठ किंवा सूज. बहुतेक वेळा तळपाय, पाऊल किंवा घोटा, कधी हात. ती हळूहळू वाढते, महिन्यांनी, वर्षांनी.

दोन: त्या गाठीवर बारीक भोकं पडतात. एक सुकतं, दुसरं फुटतं.

तीन: त्या भोकांतून पाणी, पू आणि त्याबरोबर रव्यासारखे बारीक कण बाहेर येतात. हे कण काळे, पांढरे, पिवळे किंवा लालसर असू शकतात. ते दिसले की संशय पक्का धरा.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गाठ सहसा दुखत नाही. इथेच नुकसान होतं. समजा तिशीतला एक माणूस आहे, हातावर पोट. पायाच्या कडेला सुपारीएवढी गाठ आहे, पण चालता येतं, ओझं उचलता येतं. दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाची हजेरी बुडणार. घरातले म्हणतात, दुखत नाही ना, मग राहू दे. वर्षभरानं गाठीला भोक पडतं. कुणी पाला बांधतं, कुणी डाग देतं. कुणी मेडिकलवरून पाच दिवसांच्या गोळ्या आणून देतं. भोक सुकतं, सगळ्यांना बरं वाटतं, सहा महिन्यांनी दोन नवी भोकं. तोपर्यंत आतली बुरशी हाडात शिरलेली असते. या टप्प्यावर आलेल्या काही रोग्यांचं पाऊल कापावं लागतं. घरातल्या कमावत्या माणसाचा पाय गेला की ते घर किती मागे जातं हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

काही आजारांशी याची गल्लत होते. कुरूप तळव्याच्या कातडीतच असतं आणि दाबलं की दुखतं. हत्तीपायात पाय सुजतो, पण रव्यासारखे कण येत नाहीत. हाडाच्या क्षयातही भोक पडून पू येतो, म्हणून तीही तपासणी करावी लागते. कुष्ठरोगात पायाला बधिरपणा असतो. यांतलं नेमकं काय, हे घरी ठरवू नका. गाठ आहे आणि ती महिन्याहून जास्त टिकली आहे, एवढं दवाखान्यात जायला पुरेसं कारण आहे.

एक महत्त्वाचं: हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. रोग्याचं ताट-अंथरूण वेगळं करायची काही गरज नाही. कुणाला वाळीत टाकण्याचं दुःख काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

उपचार कुठे आणि कसे

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील. पुढची तपासणी लागली तर मुंबईचं जे. जे. रुग्णालय आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘काटा मोडला होता, अमुक ठिकाणी कामाला होतो, गाठ इतक्या महिन्यांची आहे, कण बाहेर येतात.’ एवढ्या चार वाक्यांनी निदानाची वाट फार जवळ येते. कण निघाले तर स्वच्छ कोरड्या बाटलीत घेऊन जा.

तपासणीत गाठीतला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, हाडाचा एक्स-रे काढतात, गरज पडली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. जिवाणूचा प्रकार निघाला तर प्रतिजैविकांनी बहुतेक वेळा तो बरा होतो, पण औषध कित्येक महिने घ्यावं लागतं. बुरशीचा प्रकार असेल तर बुरशीविरोधी गोळ्या वर्षभर किंवा त्याहून जास्त आणि जोडीला शस्त्रक्रिया. गाठ सुपारीएवढी असताना शस्त्रक्रिया लहान, हाडात गेल्यावर मोठी. सगळा फरक वेळेचा आहे.

भोक सुकलं म्हणून औषध मध्येच सोडू नका. कामासाठी परगावी जायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून पुरेशा गोळ्या आणि तपासणीचे कागद बरोबर घ्या.

काटा मोडला तर लगेच काय करायचं

१. चालणं थांबवा. दाब पडला की काटा आणखी खोल जातो.

२. हात साबणानं धुवा. मग जखम वाहत्या पाण्यात साबणानं पाच मिनिटं धुवा.

३. काट्याचं टोक वर दिसत असेल तर स्वच्छ चिमट्यानं, ज्या दिशेनं तो आत गेला त्याच दिशेनं सरळ ओढा. चिमटा आधी उकळत्या पाण्यात ठेवा.

४. टोक दिसत नसेल तर सुईनं, ब्लेडनं, दुसऱ्या काट्यानं कोरू नका. ‘काट्यानं काटा काढावा’ ही म्हण बोलण्यात ठीक आहे, पायावर करू नका. दवाखान्यात जा.

५. शेण, माती, चुना, तंबाखू, राख, कात यांपैकी काहीही जखमेवर लावू नका. शेण-मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

६. धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवा. खोल, मातीची जखम असेल आणि शेवटचा डोस होऊन पाच वर्षं उलटली असतील, किंवा आठवतच नसेल, तर आरोग्य केंद्रात जाऊन टीडीचं इंजेक्शन घ्या. ते मोफत आहे. मुलांचे डोस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असतात. शाळा सुटलेली मुलं यातून हमखास निसटतात, त्यांच्याकडे लक्ष द्या. गरोदर बाईनं आपले डोस चुकवू नयेत.

७. सांध्याजवळ काटा मोडून सांधा सुजला आणि ती सूज आठवड्यात उतरली नाही, तर काट्याचा तुकडा आत राहिला असू शकतो. तो एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसू शकतो. डॉक्टरांना तसं विचारा.

८. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय बघावेत. त्यांच्या पायाला टोचलेलं कळतच नाही. स्वतःला वाकून बघता येत नसेल तर सुनेला, नातवाला सांगा, नाहीतर आरसा जमिनीवर ठेवा.

पायताणाची गोष्ट

या सगळ्यावर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे पायात जाड तळव्याचं पायताण. पण आपल्या लोकांच्या पायात ते कधी होतं? बाभळीची साल चामडं कमावायला वापरतात. सालीच्या पाण्यात कातडी भिजवून, राबून, दुर्गंधी सोसून ज्यांनी चामडं कमावलं, त्यांनाच गावानं शिवायचं नाही असं ठरवलं. कित्येक गावांत वरच्या जातीच्या माणसासमोर पायताण घालून जाण्याचीसुद्धा मुभा नव्हती. तेव्हा अनवाणी पाय हा सवयीचा किंवा साधेपणाचा भाग नाही, तो लादलेला आहे.

विनयपिटकात सोण कोळिविस या भिक्खूची हकिकत येते. चालून चालून त्यांचे तळपाय फुटले, रक्त सांडलं. ते कळल्यावर तथागतांनी भिक्खूंना एकपदरी पायताण वापरायची परवानगी दिली. पायाला इजा करून घेण्यात काही मोठेपणा नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं साधं आरोग्यशिक्षण आहे.

घरात पैसे थोडे असतील तर आधी कुणाला पायताण घ्यायचं? जो रानात, शेतात, भट्टीवर जातो त्याला. बऱ्याच घरांत पुरुषाला बूट आणि सरपणाला जाणाऱ्या बाईला झिजलेली स्लिपर असते. ते बदला. पातळ स्लिपर काट्याला अडवत नाही. जाड तळव्याचे, बोटं झाकणारे बूट घ्या. जुन्या टायरच्या तळव्याचं पायताणही पातळ स्लिपरपेक्षा कितीतरी चांगलं. तोडणीच्या नाहीतर भट्टीच्या कामाचा उचल-करार ठरवतानाच सगळ्यांनी मिळून मुकादमाकडे गमबूट आणि हातमोजे मागा. एकट्यानं मागितलं तर उडवून लावतील, वीस जणांनी मागितलं तर ऐकावं लागतं. काटेरी फांद्या पायवाटेपासून दूर टाका, पोरं खेळतात तिथे वईसाठी आणलेली काटी पसरू देऊ नका.

महिन्याला एकदा एवढं करा

पौर्णिमेला विहारात सगळे जमतातच. त्या दिवशी घरी निघण्याआधी पंधरा मिनिटं काढा. बाहेरगावी कामाला जाऊन आलेल्या प्रत्येकाचे तळपाय बघा. आशाताईंना बोलवा. गाठ, भोक, न भरणारी जखम, बधिर चट्टा, यांतलं काहीही दिसलं तर त्या माणसाला ‘दुखतंय का’ असं विचारत बसू नका. दुखत नसेल तर जास्त काळजी घ्या. त्याच आठवड्यात कुणीतरी सोबत जाऊन त्याला दवाखान्यात दाखवा, कारण हजेरी बुडेल या भीतीनं तो एकटा जाणार नाही. भट्टीचा हंगाम संपून माणसं पावसाळ्याआधी परत येतात. ही तपासणी सुरू करायला तोच महिना सर्वांत योग्य.